कथिलाचा फवारा

बाटली तिच्या हातातच फुटली.

बर्डीच्या बाजारात, सरबताच्या गाडीपाशी, ऑक्टोबरच्या कडक दुपारी. गाडीवाल्याने बर्फातून संत्र्याच्या पेयाची बाटली काढली, झाकण उडवलं, तिच्या हातात दिली, आणि टक् करून बाटलीचे दोन तुकडे झाले. पांढऱ्या साडीवर केशरी ओघळ उतरला. गाडीवाला हातपाय गाळून उभा राहिला. ती मात्र चक्क खाली बसली आणि काचा वेचून एकमेकींना जोडून पाहू लागली.

मार्तंड निनावे सायकल धरून बाजूला उभा होता. वाचनालयातून आणलेलं पुस्तक बगलेत होतं. तिथून निघून जावं असं त्याला वाटलं, कारण अनोळखी मुलीशी बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. पण पाय हलले नाहीत.

"लागली का जी तुम्हाले?" तो कसाबसा म्हणाला.

"मला नाही," ती मान वर न करता म्हणाली. "हिला लागलेलं होतं. आधीच. हे बघा..."

तिने बोट दाखवलं. बाटलीच्या खांद्यावर केसाएवढा बारीक ओरखडा होता आणि तडा तिथूनच निघाला होता.

"दुसऱ्या बाटलीवर घासली असेल. खोक्यात, ट्रकमध्ये, कुठंही. काच वाईट नाही हो. काच फार चांगली आहे. ओरखडा घात करतो. कागद आहे का तुमच्याजवळ?"

मार्तंडने पुस्तकाला घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर काढून दिलं. तिने काचा त्यात बांधल्या. एखादं पाखरू बांधून न्यावं तशा हळूच. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी फुटक्या बाटलीचं कौतुक करताना तो पाहत होता... आणि त्याची नजर बुडाच्या तुकड्यावर गेली. तिथे उठावाचा छोटा त्रिशूळ होता.

"ही... आमच्या कारखान्यातली आहे," त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिने आता मान वर केली. डोळे मोठे होते आणि त्यांत राग अजिबात नव्हता.

"असं? मग पत्ता सांगा."

पत्ता सांगून तो घरी गेला आणि रात्रभर स्वतःला दोष देत राहिला. बाई तक्रार करणार, मालक विचारणार, पत्ता कोणी दिला...

पंधरवड्याने ती कारखान्याच्या फाटकातून आत आली, पण तक्रार घेऊन नाही. शामला भोयर, एम. एस्सी., कारखान्याची नवी केमिस्ट.

कामठी रोडवरचा तो कारखाना गोपाळरावांचा. बाटल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ती पेयाची कंपनी, आणि तिच्याकडून रोज फुटक्या बाटल्यांची ओरड येत होती. काचांचं पुडकं घेऊन शामला थेट गोपाळरावांपुढे जाऊन बसली होती. परदेशात गरम बाटलीवर कथिलाच्या क्षाराचा फवारा मारतात, उष्णतेनं त्याचा बाटलीवर सिरॅमिकचा पातळ थर बसतो, मग काच सहजासहजी ओरखडत नाही, असं तिने विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचलं होतं.

"वाचलं होतं," गोपाळराव म्हणाले, "पण केलं नव्हतं."

"नाही केलं. तुम्ही करू द्या."

गोपाळराव व्यवहारी गृहस्थ. फेब्रुवारीच्या शेवटी कंपनीची माणसं येणार होती. तोवर बाटली टिकाऊ करून दाखवली तर केमिस्टची जागा कायम, नाही तर तुम्ही तुमच्या वाटेनं, आम्ही आमच्या. शामलालाही दुसरी वाट होती. कुहीच्या शाळेत तिची मावशी शोभाताई मुख्याध्यापिका होती आणि तिने भाचीसाठी विज्ञानशिक्षिकेची जागा राखून ठेवली होती. बाबांना तीच पसंत होती. कारखान्यात, भट्टीजवळ, पुरुषांमध्ये कोणाची मुलगी काम करते?

फवाऱ्याची जोडणी करायला फिटर हवा होता. तो मार्तंडच निघाला.

"अरे! पुस्तकवाले," ती त्याला पाहून म्हणाली. "मला वाटलंच होतं."

काय वाटलं होतं, हे विचारायला त्याला धीर झाला नाही.

साच्यातून निघालेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक येत. अजून लाल, आतून उजेड असलेल्या, पिकल्या संत्र्यांची रांग चालत यावी तशा. मार्तंडने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रंगाऱ्याच्या पिचकाऱ्या बसवल्या आणि वर पत्र्याचं छप्पर केलं. पहिला फवारा सुटला. फुस्स... पांढरा धूर उठला आणि सगळ्यांचे घसे खवखवले. जुना कामगार धोंडबा तोंडाला उपरणं लावून म्हणाला, "बाई, हे काय अंगारा-धूप लावून राहिल्या काय तुम्ही बाटलीले?"

"हो, दृष्ट काढते आहे," शामला खोकत खोकत म्हणाली.

पहिल्या दिवशीच्या बाटल्या थंड होऊन बाहेर आल्या तेव्हा सगळे पाहतच राहिले. काचेवर जांभळे, हिरवे, सोनेरी रंग खेळत होते.

"वा बाप्पा! मोराचं पीस!" धोंडबा म्हणाला.

"फार सुंदर," शामला म्हणाली, "पण नापास. थर जाड झाला की रंग दिसतात. चांगला थर दिसायलाच नको."

"मग..." मार्तंडने घसा साफ केला. "मग तो आहे, हे कसं कळते?"

"घासायचं. मारायचं. तरी टिकली की समजायचं, आहे."

ती हसली. मार्तंडने मान खाली घालून पिचकारीचं तोंड पाना लावून आवळलं. गरज नव्हती तेवढं आवळलं.

हिवाळाभर त्याने ती तोंडं लहान-मोठी केली, वाऱ्याचा दाब कमी-जास्त केला. बाटलीच्या तोंडाला फवारा लागू नये, तिथे लागला तर पत्र्याचं झाकण गंजतं, असं तिने सांगितल्यावर तिथे आडवी पट्टी बसवली. हळूहळू रंग गेले. बाटल्या नुसत्या स्वच्छ दिसू लागल्या. ती एकेक उजेडापुढे धरून पाहायची आणि तो तिला पाहायचा. तिच्या बोटांवर आम्लाचे डाग होते, केसांना भट्टीची धूळ होती, आणि त्याला वाटायचं की आपण पुस्तकांत वाचलेल्या सगळ्या नायिका हिच्यापुढे काहीच नाहीत. असं वाटलं की लगेच वाटायचं, आपण कोण? तांडापेठेतल्या विणकराचा मुलगा, मॅट्रिक आणि आयटीआय. तो पुन्हा पाना हातात घ्यायचा.

थंड झालेल्या बाटल्यांतून नमुने निवडून अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत न्यायचं काम त्याने आपणहून घेतलं होतं. अंगणात कोळशाची धूळ उडायची. दारात शिरण्यापूर्वी तो थांबायचा आणि खिशातल्या मऊ फडक्याने प्रत्येक बाटली हळूच पुसायचा. तिच्या हातात काळी बाटली द्यायला त्याला कसंसंच वाटायचं.

आत शामला दोन बाटल्या एकमेकींवर दाबून घासायची, मग लंबकाला बांधलेली हातोडी सोडायची. साध्या बाटल्या घासताना किर्र करून किंचाळत आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने फुटत. ह्या बाटल्या मात्र गुपचूप सरकत. हातोडी वर, आणखी वर न्यावी लागे.

"बघा तर!" ती आनंदाने म्हणायची. "आवाजसुद्धा नाही. मार्तंडराव, तुमच्या हाताला गुण आहे."

"माझ्या नाही... फवाऱ्याच्या," तो म्हणायचा.

"कौतुक केलं की फवाऱ्यामागे लपता?"

"लपून नाही राहिलो न..."

"मग वर बघा."

तो वर बघायचा. अर्धा क्षण. तेवढा त्याला दिवसभर पुरायचा.

धोंडबाच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. डबा खाताना तो म्हणाला, "काय गा मार्तंड, बाटल्या नेऊन राहिला का वरात? चाल पाहिली का स्वतःची?"

"गप बसा न काका."

"मी बसतो गप. तूच कायले गप बसून राहिला, ते सांग."

फेब्रुवारीत गोपाळरावांनी मार्तंडला दुसऱ्या मशीनच्या दुरुस्तीला लावलं. नमुने आता धोंडबा नेऊ लागला. आणि बाटल्या पुन्हा किंचाळू लागल्या.

फवारा तोच, भट्टी तीच. पण घासलं की किर्र, आणि हातोडी थोडी वर नेली की खळ्ळ. शामलाने कथील बदललं, उष्णता तपासली, पिचकाऱ्या धुतल्या. काही फरक पडेना. तिचा चेहरा उतरत गेला. एका दुपारी ती धोंडबावर चिडलीच.

"तुम्ही बाटल्या आपटत आणता का हो?"

"बाई," धोंडबा दुखावून म्हणाला, "लेकरावानी उचलून आणून राहिलो. मी तं फुंकरबी नाही मारत तिले. माह्या हातानं काय पाप केलं?"

शेवटी तिने मार्तंडला बोलावलं. कंपनीची माणसं येण्याचा दिवस परवावर आला होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं, अवकाळी पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजत होते.

"तुम्ही निवडा," ती म्हणाली. "तुम्ही आणा. मी सोबत चालते. काय वेगळं होतं, ते मला बघू द्या."

तो बाटल्या घेऊन निघाला. ती शेजारून चालत होती, डोक्यावर पदर, पदरावर पावसाचे मणी. दारापाशी त्याचा हात सवयीने खिशात गेला... आणि तिथेच थांबला. ती बघत होती. तिच्यादेखत बाटल्या पुसत बसायचं, ते तर मनातलं सगळं उघडं करणं झालं! त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

किर्र... खळ्ळ.

"तुमच्या हातचीही गेली," शामला हळू आवाजात म्हणाली. तिने हातोडी धरून ठेवली, तशीच. "म्हणजे आधी जे झालं ते... मला कळतच नाही. मार्तंडराव, मला कुहीची तयारी करायला हवी."

मार्तंडला एकदम सगळं कळलं.

तो फडका. बाबांच्या हातमागावरचा. आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकू नये म्हणून त्याला मेण आणि जवसाचं तेल चोळतात, त्या कामाचा जुना मऊ फडका. कितीही धुतला तरी त्यातलं मेण-तेल पुरतं निघत नाही, हे विणकराच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. त्याच्या घरी कुठलीही वस्तू पुसायची ती त्याच फडक्याने. तेच त्याने इथे केलं होतं. बाटल्या किंचाळत नव्हत्या, कारण त्याने त्यांना तेल लावलं होतं!

तो "येतो" म्हणून बाहेर आला आणि नळाजवळच्या छपराखाली उभा राहिला. पावसाने अंगणातली काळी धूळ वाहून नेली होती.

गप्प राहणं किती सोपं होतं. परवा कंपनीच्या माणसांपुढे जातील त्या बाटल्या तेवढ्या पुसून ठेवायच्या. हातोडी वर जाईल, माणसं माना डोलावतील, शामला राहील. रोज दिसेल. कोणाला कधी कळणार नाही. पण नंतर गाडीगाडीवर ज्या बाटल्या जातील, त्या कोणी पुसलेल्या नसणार. त्या लोकांच्या हातात फुटतील. आणि फुटल्या की सगळे म्हणतील, शामला भोयरने फसवलं.

आणि खरं सांगितलं तर? तर तिने महिनोन् महिने केलेलं काम आपण आपल्या हातांनी खोटं पाडलं, हे तिला तोंडावर सांगायचं. मग ती का राहील? आणि आपल्याशी बोलेल तरी का?

शामला दारात येऊन उभी राहिली होती.

"काय झालं? पावसात काहून उभे?" चिडली किंवा घाबरली की तिच्या तोंडी घरची बोली यायची.

"बाई... एक सांगायचं आहे. रागवा. पण पूर्ण ऐका."

आणि त्याने सांगितलं. फडका दाखवला. खाली बघत, थांबत थांबत, एकही शब्द न गाळता.

तिने फडक्याचं टोक बोटांत चोळून पाहिलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"म्हणजे माझा थर काहीच करत नव्हता. तुमचं तेल करत होतं."

"मले माहीत नव्हतं, शपथ..."

"तुम्ही आज गप्प राहू शकत होतात."

"हाव."

"मग?"

"बाटल्या फुटल्या असत्या. नाव तुमचं गेलं असतं." त्याने फडक्याची घडी केली. "त्यापेक्षा तुम्ही कुहीले गेल्या तरी चालेल, असं वाटलं. चालणार तर नाही... पण तेच बरं."

तिने त्याच्या हातातून फडका घेतला, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. त्या नजरेचा अर्थ त्याला लागला नाही. तो लावायचा धीरही त्याला नव्हता. सगळं संपलं, असं समजून तो मशीनकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत एक साधा बोल्ट त्याच्याने लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबा धावत आला. "चाल गा, बाईनं बोलावलं. लवकर. हातोडी घेऊन बसली आहे वाघिणीसारखी."

प्रयोगशाळेत टेबलावर दोन जोड्या होत्या. शामलाचे डोळे लाल होते, रात्री झोप झालेली दिसत नव्हती. पण चेहरा असा उजळला होता की मार्तंड दारातच थबकला.

"या. ह्या जोडीवर फवारा नाही. नुसत्या तुमच्या फडक्यानं पुसल्या, मग पाण्यानं खळखळून धुतल्या. घासा."

त्याने घासल्या. किर्र!

"तेल पाण्याबरोबर गेलं. आता ह्या. ह्यांच्यावर कथिलाचा थर आहे. ह्याही पुसल्या, तशाच धुतल्या. घासा."

बाटल्या त्याच्या हातात मासोळीसारख्या सरकल्या. आवाज नाही. ओरखडा नाही.

"थर तेलाला धरून ठेवतो!" ती जवळजवळ ओरडलीच. "नुसता थर खरखरीत, दुसऱ्या काचेला अडकतो. नुसतं तेल टिकत नाही. दोन्ही लागतात, मार्तंडराव, दोन्ही! मी अर्धंच करत होते. उरलेलं अर्धं तुम्ही रोज दाराबाहेर उभे राहून करत होतात... आणि मला पत्ता नाही!"

"मलेही नव्हता," तो म्हणाला. आणि इतक्या दिवसांत प्रथमच तो मोकळा हसला.

त्या दिवशी श्वास घ्यायला कोणाला उसंत नव्हती. थंड करण्याच्या लांब भट्टीच्या तोंडाशी मार्तंडने आणखी एक पिचकारी बसवली. शामलाने साबण आणि मेणाचं पातळ पाणी उकळून तयार केलं. आता इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाटलीला दोन फवारे होते, एक तापलेली असताना, एक निवल्यावर. फडक्याची गरज कोणालाच उरली नव्हती.

कंपनीची माणसं आली. त्यांनी नमुने स्वतः निवडले, स्वतः धुतले, स्वतः घासले. हातोडी वर गेली, आणखी वर गेली. साहेबांपैकी एकाने चष्मा काढून बाटली न्याहाळली आणि विचारलं, "ह्याच्यावर काही लावलं आहे? दिसत तर काहीच नाही."

"दिसणार नाही," शामला म्हणाली, "पण आहे."

गोपाळरावांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि केमिस्टची जागा कायम झाल्याचं तिथेच जाहीर केलं. धोंडबाने दोन पेढे घेतले. एक तोंडात टाकला, दुसरा मार्तंडच्या हातात कोंबला. "जा, आतापर्यंत बाटल्या नेल्या. आता तोंड घेऊन जा."

मार्तंड गेला. ती खिडकीशी उभी होती. अंगणात फेब्रुवारीचं धुतलेलं ऊन पडलं होतं.

"अभिनंदन, बाई."

"तुमचंही." ती वळली. "पण माझा एक प्रश्न राहिलाच. धोंडबाकाका बाटल्या पुसत नव्हते. गोपाळरावांकडे नमुने जायचे, तेही कोणी पुसत नव्हतं. तुम्ही फक्त माझ्याच पुसत होतात. काहून?"

"धूळ असायची..."

"ती सगळ्यांच्याच बाटल्यांवर असायची."

"तुमच्या हाताले लागू नये म्हणून."

"माझ्या हातांवर आम्लाचे डाग आहेत. धुळीनं काय बिघडणार होतं?"

त्याने पेढ्याकडे पाहिलं. पेढा चेपून सपाट झाला होता. हीच वेळ आहे, हे त्याला कळत होतं. पुस्तकांतली कितीतरी सुंदर वाक्यं त्याला पाठ होती आणि त्यातलं एकही आठवेना.

"मले... रोज तुमच्यासाठी काहीतरी करावं वाटायचं," तो म्हणाला. "दुसरं काही करता येत नव्हतं."

तिने टेबलावरची बाटली सरळ केली. मग एकदम जुनीच गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "शोभामावशीला मी 'नाही' कळवलं. कुहीला येत नाही म्हणून."

"हो... आता जागा कायम झाली न. कळवायलाच पाहिजे."

"आज नाही कळवलं. परवा संध्याकाळी कळवलं. घरी जाताना, पावसात."

मार्तंड गोंधळला. "परवा? परवा तर सगळं संपलं होतं. बाटल्या फुटून राहिल्या होत्या. नोकरीचाही भरवसा नव्हता..."

"हो ना," शामला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण तिने नजर हटवली नाही. "नोकरीसाठी कळवलंच नव्हतं."

अंगणापलीकडे पट्टा चालू होता. पहिला फवारा फुस्स झाला. थोड्या वेळाने दुसरा. मार्तंड नुसता उभा होता.

"अहो, बोला ना काहीतरी," ती हळूच म्हणाली.

"बोलूनच राहिलो मी," तो म्हणाला, "ऑक्टोबरपासून... आवाज आताच फुटला."

आणि त्याने तो चेपलेला पेढा मोडून अर्धा तिच्यापुढे धरला.